युद्धानंतर घरी परतायचे केव्हा : बडोद्यात आसऱ्याला आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

बडोद्यातून पोटापाण्यासाठी परदेशी गेलेली मराठी कुटुंबे थोडीथोडकी नाहीत. कोयलीच्या रिफायनरीत किंवा आसपासच्या रासायनिक कारखान्यांत उमेदवारी केलेला माणूस आखातात, इराकमध्ये, सुदानमध्ये सहज सामावला जातो, आणि पंधरा-वीस वर्षांत मुलांची शाळा, भांडीकुंडी, शेजारपाजार, साठवलेले पैसे हे सगळे तिकडचेच होऊन जाते. युद्ध पेटले की हेच कुटुंब एका बॅगेनिशी दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या भावाच्या दोन खोल्यांत येऊन उतरते. १९९० मध्ये इराकने कुवेत बळकावल्यावर तिथून सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे आणले गेले. २०१५ मध्ये येमेनमधून ‘ऑपरेशन राहत’, २०२२ मध्ये युक्रेनमधून ‘ऑपरेशन गंगा’, २०२३ मध्ये सुदानमधून ‘ऑपरेशन कावेरी’ आणि २०२५ मध्ये इराण व इस्रायलमधून ‘ऑपरेशन सिंधू’ झाले. येताना सरकारची विमाने आणि जहाजे असतात. परत जाण्याचा निर्णय मात्र सर्वस्वी कुटुंबाचा असतो, आणि त्या वेळी सल्ला देणारे पुष्कळ असले तरी जबाबदारी घेणारा कोणी नसतो.

हा लेख त्या निर्णयासाठी आहे. माझे म्हणणे असे की परतण्याची तारीख घरातल्या सर्वांत नाजूक माणसाच्या गरजांवरून ठरवावी, मग ते तान्हे मूल असो, मधुमेहाची आजी असो, की दहावीत बसलेली मुलगी असो. कमावत्या माणसाची घाई समजण्यासारखी आहे, पण तो एकटा कुठेही राहू शकतो. म्हणून त्याच्या सोयीवरून काढलेली तारीख बाकीच्यांना झेपेलच असे नाही.

पहिली पायरी : शस्त्रसंधीची तारीख बाजूला ठेवा

शस्त्रसंधी जाहीर झाली की त्याच संध्याकाळी घरात तिकिटांचे दर पाहणे सुरू होते. कुवेतचे उदाहरण मुद्दाम लक्षात ठेवावे. तिथली लढाई २८ फेब्रुवारी १९९१ रोजी थांबली, परंतु पेटवून दिलेल्या सहाशेहून अधिक तेलविहिरींपैकी शेवटची विझली ती ६ नोव्हेंबर १९९१ रोजी. मधले आठ महिने काळ्या धुराचे होते. दम्याचे मूल घेऊन मार्चमध्ये परतणे आणि डिसेंबरमध्ये परतणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी होत्या, आणि शस्त्रसंधीच्या तारखेवरून त्यांतला फरक कळण्यासारखा नव्हता.

आपल्याकडचाही अनुभव हेच सांगतो. १० मे २०२५ रोजी भारत-पाकिस्तान सीमेवरचा गोळीबार थांबला, तेव्हा नियंत्रण रेषेजवळच्या गावांतून हलवलेल्या लोकांनी न फुटलेले तोफगोळे निकामी होईपर्यंत घरी येऊ नये, असे तिथल्या पोलिसांनी बजावले होते. २००१-०२ मध्ये ‘ऑपरेशन पराक्रम’च्या, म्हणजे सीमेवर सैन्य जमवण्याच्या, काळात पश्चिम सीमेवरच्या शेतांत पेरलेले सुरुंग सैन्य मागे फिरल्यावरही काढावेच लागले, आणि तोवर शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीत पाय ठेवणे धोक्याचे होते.

म्हणून वहीत शस्त्रसंधीच्या तारखेखाली आणखी चार तारखांसाठी जागा सोडावी : आपल्या वस्तीत नळाला पाणी नियमित येऊ लागल्याची, जवळचा दवाखाना रात्रीही उघडा राहू लागल्याची, परिसर स्फोटकांपासून मोकळा झाल्याचे तिथल्या यंत्रणेने सांगितल्याची, आणि शाळेचे वर्ग प्रत्यक्ष भरू लागल्याची. या चारही जागा भरेपर्यंत संपूर्ण कुटुंबाच्या परतीची चर्चा करण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी : नाजूक माणसाची गरज कागदावर मांडा

घरातल्या प्रत्येकाच्या नावाने एक पान करावे आणि त्यावर त्या माणसाला रोज, आठवड्याला आणि अचानक काय लागते ते लिहावे. हे काम बायकांनी करावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण आजींची गोळी कुठल्या वेळेची आणि धाकट्याला कुठले दूध पचते हे घरात त्यांनाच अचूक ठाऊक असते. असे असूनही परतीच्या बोलण्यात त्यांचे मत सर्वांत शेवटी विचारले जाते.

इन्सुलिनचेच घ्या. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते, आणि वापरात घेतलेली साधारण चार आठवडे सामान्य खोलीच्या तापमानात टिकते. सुदानची राजधानी असलेल्या खार्टूमच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि तिथल्या अनेक वस्त्यांत तारा-केबलींमधले तांबेच काढून नेलेले असल्याने वीज येण्याचा प्रश्न महिनोन्‌महिने सुटलेला नव्हता. तिकडे मातीच्या दोन भांड्यांमध्ये ओली वाळू भरून केलेला ‘झीर’ वापरतात. आपल्या माठाप्रमाणे तोही बाष्पीभवनाने गार होतो आणि अडचणीत उपयोगी पडतो, परंतु त्याच्या भरवशावर वृद्ध माणसाला वर्षभरासाठी नेऊ नये. डायलिसिसवर असलेल्याला आठवड्यातून दोन-तीनदा चालू यंत्र, शुद्ध पाणी आणि अखंड वीज लागते. या तिन्हींची खात्री झाल्याखेरीज त्याच्यासाठी परत जाणे हा पर्यायच नाही, हे घरातल्या सर्वांनी मोकळेपणाने मान्य करावे.

मुलांच्या बाबतीत शाळेचे वर्ष हाच मुख्य निकष ठेवावा. केंद्रीय मंडळात (सीबीएसई) दहावी-बारावीची नोंदणी नववी आणि अकरावीतच होते, त्यामुळे थेट दहावी किंवा बारावीत शाळा बदलणे फार कठीण जाते. मूल या चार वर्गांपैकी कुठल्याही वर्गात असेल तर त्याची परीक्षा होईपर्यंत त्याला आणि घरातल्या एका मोठ्या माणसाला बडोद्यातच ठेवावे. लहान मुलांचे तुलनेने सोपे आहे : २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळायला हवा, आणि वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. ‘लवकरच जायचे आहे’ या आशेवर मुलाला घरी बसवून ठेवण्यासारखे नुकसान दुसरे नाही.

तिसरी पायरी : बातमी गल्लीतून मागवा

वाहिन्यांवरून देशाची परिस्थिती कळते, आपल्या गल्लीची कळत नाही. त्यासाठी तिथे राहिलेला किंवा परतलेला शेजारी हवा, आणि त्याला विचारायचे प्रश्नही नेमके हवेत. “परिस्थिती कशी आहे?” असे विचारले तर भला माणूस “बरी आहे, या आता” असेच म्हणतो. त्याऐवजी काल नळाला किती वेळ पाणी आले, गॅसचा सिलिंडर काय भावाने मिळतो, अंधार पडल्यावर लोक दुकानापर्यंत जातात का, कुठल्या औषधाच्या दुकानात कुठली औषधे आहेत, असे विचारावे. या सगळ्यांत मला सर्वांत बोलका वाटणारा प्रश्न एकच आहे : गल्लीतल्या किती घरांत बायका-मुले परतली आहेत? पुरुष सामान राखायला, नोकरी वाचवायला परततात. मुलांना आणले जाते ते मात्र लोकांचा खरोखर विश्वास बसल्यावरच.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला खार्टूमला लागून असलेल्या ओमदुरमानच्या शेजाऱ्याने घराच्या पुढच्या दाराचा व्हिडिओ पाठवला होता. कुलूप शाबूत, दाराला ओरखडा नाही. घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले. थोरल्या सुनेने मात्र मागची बाजू दाखवायची विनंती केली, आणि दुसऱ्या दिवशीच्या व्हिडिओत मागची भिंत माणूस आत जाईल एवढी फोडलेली, वीजमीटर उपटलेला आणि स्विचबोर्डांच्या जागी नुसती भोके दिसली. तेव्हा व्हिडिओ मागवताना चारही बाजू, गच्ची, पाण्याची टाकी, मीटर आणि स्वयंपाकघराचा नळ उघडून दाखवायला सांगावे. शेजाऱ्याला धोका होत असेल तर हा आग्रह धरू नये. त्याचा जीव आपल्या घरापेक्षा मोलाचा आहे.

या खासगी बातमीला अधिकृत बातमीची जोड हवी. भारतीय दूतावासाच्या सूचना नियमित पाहाव्यात, आणि दूतावास स्वतः कुठे बसतो याकडेही लक्ष द्यावे. २०२३ मध्ये खार्टूममधला आपला दूतावास पोर्ट सुदानला हलवण्यात आला होता. ज्या शहरात आपला दूतावास राहू शकत नाही, तिथे अडचण आली तर मदत किती लांबून येईल याचा हिशेब आधीच करावा. पुढे मार्च २०२५ मध्ये सुदानच्या सैन्याने खार्टूम परत घेतले, परंतु देशातले युद्ध संपले नाही; मे महिन्यात वीजकेंद्रांवर ड्रोनहल्ले झाले, पाण्याचे पंप बंद पडले आणि खार्टूम-ओमदुरमान परिसरात पटकी (कॉलरा) वेगाने पसरली. तोफा दूर गेल्या असतानाही माणसे नळ आटल्यामुळे दगावतात, हे त्या महिन्याने दाखवले.

चौथी पायरी : आधी एकाने जाऊन पाहणे

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि घाईत नेमकी हीच गाळली जाते. संपूर्ण कुटुंबाने परतण्यापूर्वी एका धडधाकट माणसाने दोन-तीन आठवड्यांसाठी जाऊन पाहावे आणि पुन्हा बडोद्याला यावे. निर्वासितांच्या प्रश्नात काम करणाऱ्या संस्था हा मार्ग अनेक वर्षे सुचवत आल्या आहेत. सीरियातली राजवट ८ डिसेंबर २०२४ रोजी कोसळल्यावर तुर्कस्तानने तिथल्या सीरियन कुटुंबांतल्या एका व्यक्तीला १ जानेवारी ते १ जुलै २०२५ या काळात तीनदा मायदेशी जाऊन परत येण्याची मुभा दिली, आणि त्यासाठी त्यांचा आश्रयाचा दर्जा काढून घेतला नाही. आपण भारतीय नागरिक असल्याने इथे परतण्याचा आपला हक्क अबाधित आहे. ज्या सवलतीसाठी इतरांना परवानगी लागते ती आपल्याला आपोआप मिळालेली आहे, तर तिचा उपयोग करावा.

जाण्यापूर्वी तिकडचा निवासी परवाना जिवंत आहे की नाही ते पाहावे. कुवेत किंवा संयुक्त अरब अमिरातीत साधारणपणे सलग सहा महिने देशाबाहेर राहिले की परवाना बाद होतो. युद्धामुळे सवलत दिली असेल तर ती लेखी मिळवावी. सुदानसारख्या देशात जाताना पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस लागते. तिचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि आयुष्यभर चालते, परंतु लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रावरच घ्यावी, कारण प्रमाणपत्राविना अशा देशातून परतल्यास भारतात विमानतळावरच विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. विम्याची कागदपत्रे बारकाईने वाचावीत. बहुतेक प्रवास विम्यांतून युद्धामुळे झालेले नुकसान वगळलेले असते. जाणाऱ्याने बँकेचे आणि मालमत्तेचे व्यवहार पाहण्यासाठी पत्नीच्या किंवा भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवावे, आणि रोज ठरलेल्या वेळी निरोप देण्याचे बंधन स्वतःवर घालून घ्यावे.

तिथे पोहोचल्यावर घरात शिरण्याची घाई करू नये. दिवसाउजेडी, स्थानिक माणसाला बरोबर घेऊन, रहदारीच्या डांबरी रस्त्यानेच जावे. गवत वाढलेली पायवाट, कोणी न वापरलेले अंगण, रंगवलेल्या दगडांची रांग, कवटीचे चित्र, अरबी फलकावर ‘खतर’ किंवा ‘अल्गाम’ असे काही दिसले तर आल्या पावली परतावे. घरात सैनिक किंवा बंडखोर राहून गेले असतील तर सुरुंग काढणाऱ्या पथकाकडून तपासणी झाल्याशिवाय आत जाऊ नये. कपाटे, फ्रीज, दारे यांना स्फोटके जोडून ठेवल्याच्या घटना बोस्नियात आणि इराकमधल्या मोसुलमध्ये घडलेल्या आहेत. अंगणातला कचरा पेटवू नये, कारण खाली काय पुरले आहे ते माहीत नसते. गुच्छबॉम्बचे (क्लस्टर बॉम्बचे) न फुटलेले तुकडे फिती लावलेल्या लहान डब्यांसारखे दिसतात, आणि मुले ते खेळणे समजून उचलतात. वस्तीत असे काही एकदा जरी सापडले असेल तरी मुलांची परती पुढे ढकलावी.

आत गेल्यावर केरसुणीला हात लावण्याआधी फोटो काढावेत : प्रत्येक खोलीच्या चारही कोपऱ्यांतून, तारखेसह. पुढे भरपाईचा दावा करायचा झाल्यास साफ केलेल्या घराचे फोटो काही सिद्ध करत नाहीत. गॅसचा वास येत असेल तर दिव्याचे बटणही दाबू नये. खांबांना किंवा तुळयांना तिरप्या भेगा असतील, छत झोल खात असेल, तर रंगसफेदीने समाधान न मानता बांधकामाच्या इंजिनिअरला दाखवावे.

पाण्याच्या टाकीबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण परतलेल्या कुटुंबात आजार बहुधा तिथूनच शिरतो. बंद घराच्या टाकीत मेलेले पक्षी, उंदीर, शेवाळे काहीही असू शकते. टाकी रिकामी करून घासावी, मग भरताना १,००० लिटरला सुमारे १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर (३३ टक्के क्लोरीनची) आधी बादलीभर पाण्यात कालवून घालावी, हेच पाणी घरातल्या सर्व नळांपर्यंत खेळवावे, २४ तास तसेच ठेवावे आणि मग पूर्ण सोडून द्यावे. हे पाणी पिण्याचे नाही, फक्त टाकी धुण्याचे आहे. त्यानंतर भरलेले पाणीही पुढचे काही महिने खळखळून उकळू लागल्यावर एक मिनिट तसेच उकळू देऊन मगच प्यावे.

आणि जाणाऱ्याने किमान काही रात्री त्याच घरात काढाव्यात. दिवसा शांत वाटणारी वस्ती रात्री कशी असते, हे हॉटेलात राहून कळत नाही.

पाचवी पायरी : कागद आणि पैसा

घराची खरेदीखते, भाडेकरार, पगाराच्या पावत्या, बँकेची पासबुके, मुलांचे दाखले या सर्वांच्या प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात : एक बडोद्यात, एक फोनमध्ये, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. युद्धानंतर मालमत्तेचे नियम झपाट्याने बदलतात. सीरियात २०१८ च्या कायदा क्रमांक १० ने पुनर्विकासाच्या क्षेत्रातल्या मालकांना हक्क सिद्ध करायला आधी अवघे ३० दिवस दिले होते. ओरड झाल्यावर ती मुदत वर्षाची झाली. अशी मुदत चालू असेल तर कुटुंब इथेच ठेवून कागद घेऊन एकाने तातडीने जाणे योग्य ठरते. स्वतः जाणे शक्य नसेल तर तिथल्या वकिलाला दूतावासामार्फत प्रमाणित केलेले अधिकारपत्र द्यावे.

घरात दडवून ठेवलेल्या रोख रकमेवर फार विसंबू नये. मुक्तीनंतर कुवेतने १९९१ मध्ये नव्या नोटा काढून जुन्या बाद केल्या, आणि सुदानमध्येही डिसेंबर २०२४ मध्ये सैन्याच्या ताब्यातल्या भागांत मोठ्या नोटा बदलून घेण्याची मुदत लागली होती.

मालकाकडे थकलेला पगार आणि सेवासमाप्तीची रक्कम लेखी मागावी, आणि उत्तर आले नाही तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे लगेच मिळतील असे नाही, पण नोंद राहणे महत्त्वाचे आहे. कुवेत युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी स्थापलेल्या भरपाई आयोगाने केवळ देश सोडावा लागला म्हणून व्यक्तीला २,५०० आणि कुटुंबाला ५,००० डॉलरपर्यंत रक्कम ठरवली होती, आणि कोणी अन्य दावे सोडून दिले तर ती ४,००० आणि ८,००० पर्यंत जात होती. त्याचा लाभ ज्यांनी वेळेत अर्ज भरले त्यांना झाला. युक्रेनमधल्या नुकसानीसाठीही द हेग येथे नोंदवही उघडलेली असून एप्रिल २०२४ पासून तीत दावे घेतले जात आहेत.

सहावी पायरी : इथले धागे तोडू नका

पाहणी करून आलेल्याचा अहवाल चांगला असला तरी बडोद्यातली खोली लगेच सोडू नये. दोन ठिकाणचा खर्च जड जातो हे खरे. तरी निदान सहा महिने, शक्य असल्यास तिथला एक उन्हाळा आणि शाळेचे एक सत्र निघेपर्यंत, इथे परत येता येईल अशी जागा राखावी. नातेवाइकांकडे राहत असाल तर त्यांच्याशी स्पष्ट बोलून घ्यावे. “वहिनी, आम्ही जातोय, पण दिवाळीपर्यंत मागची खोली आमच्यासाठी राहू द्याल का?” हे विचारण्यात संकोच वाटतो, पण न विचारता गृहीत धरण्याने नाती अधिक दुखावतात.

कराचा मुद्दा अनेकांच्या ध्यानात येत नाही. एका आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवस किंवा त्याहून अधिक झाला की माणूस सामान्यतः करासाठी निवासी ठरतो. इतरही अटी आहेत, त्यामुळे पासपोर्टवरच्या शिक्क्यांनिशी सीएकडे जाऊन हिशेब करून घ्यावा. अनिवासी म्हणून उघडलेल्या बँक खात्यांचे काय करायचे तेही तेव्हाच विचारावे.

सातवी पायरी : सर्वांना एकत्र बसवून विचारा, आणि टप्प्याने जा

निर्णयाच्या बैठकीला घरातले सगळे असावेत, बारा-तेरा वर्षांच्या मुलांसकट. ज्याने तिकडे डोळ्यांदेखत काही भयंकर पाहिले आहे त्याचा नकार हट्ट म्हणून बाजूला सारू नये. संयुक्त राष्ट्रांच्या १९९८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत देशांतर्गत विस्थापितांची परती स्वेच्छेने, सुरक्षितपणे आणि सन्मानाने व्हावी असे म्हटले आहे; ती स्वेच्छा घरातल्या प्रत्येकाची असायला हवी असे मी मानतो.

परत न जाणे हाही रास्त निर्णय आहे. बोस्नियातले युद्ध संपवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारानंतर तिथे लाखो लोकांना त्यांची घरे कायद्याने परत मिळाली, आणि त्यांतल्या पुष्कळांनी ती विकून जिथे स्थिरावले होते तिथेच संसार थाटला. घरावरचा हक्क मिळवणे आणि त्या घरात राहायला जाणे हे दोन निर्णय वेगळे ठेवता येतात.

जायचे ठरले तर आधी कमावता माणूस, मग दोन-तीन महिन्यांनी पत्नी, मुले सुट्टीत, आणि वृद्ध माणसे सर्वांत शेवटी, हवामान सौम्य असताना, असा क्रम ठेवावा. निघण्यापूर्वीच पुन्हा बाहेर पडण्याच्या अटी लिहून ठेवाव्यात, कारण तिथे गेल्यावर माणूस रोज थोडे थोडे सोसायला शिकतो आणि सोसण्याची मर्यादा केव्हा ओलांडली ते त्याला कळत नाही. सलग तीन दिवस पाणी आले नाही, घरातली औषधे पंधरा दिवसांपेक्षा कमी उरली, वस्तीत पुन्हा गोळीबार ऐकू आला, किंवा दूतावासाने निघायला सांगितले, यांपैकी एकही गोष्ट घडली तर नवी चर्चा न करता निघायचे, असे सर्वांच्या सहमतीने ठरवावे. त्या प्रवासाचे पैसे बडोद्यातल्या संयुक्त खात्यात वेगळे ठेवावेत, तिकीट इथून काढून देणारा माणूस नेमावा, आणि सर्वांचे पासपोर्ट तिकडे मालकाच्या तिजोरीत न देता घरातल्या एकाच जाणत्या माणसाच्या हाताशी राहतील याची दक्षता घ्यावी.